आठवड्यातली दीडशे मिनिटे

(शाळेच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण. लिंबायत, सुरत.)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांना आपण सारेच नुसते ‘सर’ म्हणत आलो. शाळेत इतरही शिक्षक होते आणि त्यांच्या नावापुढे ‘सर’ लावण्याची पद्धत होती. परंतु नावावाचून ‘सर’ म्हटले की ते आपले व्यायामशिक्षकच, असे सर्वांनी गृहीत धरलेले असे. या व्यासपीठावरून आजवर विद्वानांची व्याख्याने झाली. मी विद्वान नव्हे. याच वस्तीत दवाखाना चालवणारा एक सामान्य डॉक्टर आणि या शाळेचा एक मध्यम प्रतीचा विद्यार्थी, एवढीच माझी ओळख. तरीही चालकांनी मला बोलावले, याचे कारण माझ्या लक्षात आले आहे. सरांनी जे शिकवले ते मी तीस वर्षे विसरलो होतो आणि त्याची किंमत मोजल्यावर मला ते पुन्हा आठवले. विसरलेल्या माणसाचा अनुभव कधीकधी पाठ असलेल्या माणसापेक्षा अधिक उपयोगी पडतो, असे चालकांना वाटले असावे.

आजचा विषय साधा आहे. धावपळीच्या आठवड्यात नियमित व्यायामासाठी वेळ कसा काढावा? ‘व्यायाम चांगला’ हे सांगण्यासाठी व्याख्यान लागत नाही. ते सर्वांना मान्य आहे, आणि म्हणूनच बहुधा त्याचे आचरण होत नाही. खरा प्रश्न वेळेचा आहे. आणि लिंबायतसारख्या वस्तीत तो प्रश्न पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गीय वस्तीतल्याहून वेगळा आहे. त्या वेगळेपणापासूनच मी सुरुवात करतो.

आपल्यापैकी बहुतेकांचे वाडवडील धुळे, जळगाव, नंदुरबार या भागांतून आले. तापीच्या काठाने येणाऱ्या रेल्वेने खानदेश आणि सुरत पूर्वीच जोडले होते. १९७२ च्या दुष्काळात शेत कोरडे पडले, तेव्हा कित्येकांनी उधन्याला उतरून लूमच्या खडखडाटात आपले नशीब शोधले. माझे वडील त्यांतलेच. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. दिवसपाळी सकाळी सात ते संध्याकाळी सात, रात्रपाळी संध्याकाळी सात ते सकाळी सात. पगार विणलेल्या कापडावर. म्हणजे लूम बंद तर कमाई बंद. अशा घरात ‘वेळ’ हा शब्द आम्ही ताक्याच्या मीटरात मोजूनच शिकलो.

सर त्या काळी विद्यार्थ्यांच्या घरी जात. एकदा ते आमच्या खोलीवर आले आणि गप्पांच्या ओघात आबांना म्हणाले, “तुम्हीही सकाळी थोडा व्यायाम करीत जा.” आबा हसले आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, “सर, बारा घंटा उभा ऱ्हास मी. आखो काय कसरत करू?” सरांनी वाद घातला नाही. ते एवढेच म्हणाले, “राबणे वेगळे आणि व्यायाम वेगळा.” हे वाक्य मला त्या दिवशी समजले नाही. डॉक्टर झाल्यावरही समजले नाही. १९९८ साली आबा चोपन्नाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. व्यायाम केला असता तर ते वाचले असते, असे मी म्हणणार नाही. तंबाखू होती, रात्रपाळी होती, रक्तदाब कधी मोजलेला नव्हता. एका माणसाच्या मृत्यूचे एकच कारण सांगणे हे वैद्यकशास्त्राला धरून नाही. परंतु मुलगा डॉक्टर असूनही मी त्यांना कधी त्या वाक्याचा अर्थ समजावून दिला नाही, ही टोचणी माझ्या मनाला आहे. आजचे भाषण हे काही अंशी त्या राहून गेलेल्या संभाषणाची भरपाई आहे.

तेव्हा प्रथम त्या वाक्याचाच अर्थ पाहू.

शरीरश्रम आणि आरोग्य यांचा संबंध आकडेवारीने प्रथम स्पष्ट केला तो इंग्लंडमधील जेरी मॉरिस या डॉक्टरांनी. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची त्यांनी तुलना केली. दोघांचा समाज एक, वस्ती एक, पगारही साधारण सारखा. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. १९५३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा कमी होते. मॉरिस स्वतः नव्याण्णव वर्षे जगले.

यावरून कोणी म्हणेल, मग आबांचेच बरोबर! काम हाच व्यायाम. परंतु पुढील काळात अभ्यासकांना एक विसंगती आढळली. मोकळ्या वेळात केलेल्या हालचालीने हृदयविकाराचा धोका कमी होतो. पण तासन्‌तास चालणाऱ्या कष्टाच्या कामाने तसाच लाभ होतो असे दिसत नाही. कारणे समजण्यासारखी आहेत. कंडक्टर चढे, उतरे, थांबे. त्याचे हृदय वेगाने धावे आणि विसावा घेई. लूमवरचा कारागीर बारा तास उभा असतो. चार पावले इकडे, चार पावले तिकडे. हृदयाचा वेग खऱ्या अर्थाने वाढत नाही आणि त्याला पुरता विसावाही मिळत नाही. पायांतील रक्त वर चढवण्याचे काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. ते आखडलेले राहिले की शिरा फुगतात, घोटे सुजतात. व्यायामात श्रम थोडा वेळ, आपल्या मर्जीने आणि नंतर विश्रांती असते. राबण्यात श्रम दीर्घ, दुसऱ्याच्या मर्जीने आणि विश्रांतीवाचून असतात. सरांनी हे कोठे वाचले होते, मला ठाऊक नाही. बहुधा वाचले नव्हते, पाहिले होते.

हे झाले उभ्याने काम करणाऱ्यांचे. पण आता आपल्या वस्तीतील नव्या पिढीचे काम बसून आहे. कोणी रिंग रोडच्या कापड बाजारात गादीवर हिशेब लिहितो, कोणी हिऱ्याच्या घंटीवर बसतो, कोणी रिक्षा चालवतो, कोणी संगणकापुढे बसतो. आपल्या भगिनी घरात बसून साड्यांवर खडे-टिकल्या लावतात, धागे कापतात. मान खाली, पाठ वाकलेली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ज्यात महाराष्ट्रही होता, निम्म्याहून अधिक प्रौढांची हालचाल अपुरी आढळली. आणि केवळ हौसेने किंवा आरोग्यासाठी खेळणारे, व्यायाम करणारे शेकडा दहाहून कमी. पुढे २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नव्हते, आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच अधिक होते. दवाखान्यात बसून मला हे आकडे माणसांच्या रूपाने दिसतात. तिशी-पस्तिशीतला रक्तदाब आणि मधुमेह आता मला आश्चर्याचा वाटत नाही, आणि हेच आश्चर्य आहे.

त्या माणसांत मीही होतो. २०१२ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, सहज म्हणून मी स्वतःचे रक्त तपासले आणि साखर दोनशे चाळीस निघाली. दिवसभर रोग्यांना ‘रोज चाला’ असे लिहून देणारा हा डॉक्टर स्वतः दवाखान्यापर्यंत दोनशे पावलेसुद्धा स्कूटरवर जात होता. लाज वाटली. त्या संध्याकाळी मी सरांकडे गेलो. ते निवृत्त झाले होते, पण पाठ ताठ होती. मी म्हणालो, “सर, सकाळी नऊ ते दोन आणि संध्याकाळी पाच ते दहा दवाखाना, वेळ कोठून आणू?” त्यांनी विचारले, “दिवसातून चहा किती वेळा घेतोस?” मी म्हणालो, “चार-पाच वेळा.” “त्याला वेळ कोठून आणतोस?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. मग ते म्हणाले, “चहाच्या आधी दहा मिनिटे. चहा सोडू नकोस. फक्त आधी दहा मिनिटे चालून ये.” एवढ्यावरच ती भेट संपली.

मित्रहो, या साध्या सूचनेत दोन गोष्टी होत्या. पहिली अशी की व्यायाम तुकड्यांत वाटता येतो. पूर्वी जागतिक आरोग्य संघटना असे सांगे की, सलग दहा मिनिटांपेक्षा लहान तुकडा हिशेबात धरू नये. २०२० च्या मार्गदर्शनात तिने ही अट काढून टाकली. आता सांगितले जाते ते असे: प्रौढ माणसाने आठवड्यात दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, किंवा पंचाहत्तर ते दीडशे मिनिटे जोराची; शिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. मध्यम श्रम म्हणजे काय? चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागला पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेलेही हिताचे.

दुसरी गोष्ट अशी की नवी सवय जुन्या सवयीला बांधली म्हणजे टिकते. लंडनच्या एका विद्यापीठात शहाण्णव जणांवर एक अभ्यास झाला. प्रत्येकाने एक लहानशी कृती दिवसातील ठरावीक प्रसंगाला जोडून करावयाची होती. जसे न्याहारीनंतर फिरणे. ती अंगवळणी पडण्यास सरासरी सहासष्ट दिवस लागले. कोणाला अठरा, तर कोणाला दोनशेहून अधिक लागतील असे दिसले. आणि मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसे बिघडले नाही. तेव्हा एक जानेवारीला सुरू करून पंधरा जानेवारीला ‘आपल्याला जमत नाही’ असे म्हणणाऱ्याने एवढेच समजावे की अजून दिवस भरलेले नाहीत.

आता आठवड्याचा हिशेब मांडू. आठवड्याचे तास १६८. लूमवरच्या माणसाचे सहा दिवसांचे ७२ तास कामाचे. झोपेचे रोज सात याप्रमाणे ४९. उरले ४७. आंघोळ, जेवण, येणे-जाणे, बाजारहाट यांसाठी रोज चार तास धरले तर २८ गेले. तरीही १९ तास उरतात. दीडशे मिनिटे म्हणजे अडीच तास. साऱ्या आठवड्याच्या शंभर रुपयांतला दीड रुपया! हा हिशेब कागदावरचा आहे, हे मी जाणतो. ते १९ तास सलग आणि ताजेतवाने मिळत नाहीत. मूल आजारी असते, पाहुणे असतात, पावसाळ्यात लिंबायतच्या गरनाळ्यात पाणी भरते. पण ‘वेळच नाही’ हे विधान या हिशेबापुढे टिकत नाही. ‘वेळ विखुरलेला आहे’ एवढेच टिकते. आणि विखुरलेला वेळ गोळा करणे ही आपल्याला परकी विद्या नाही. श्रावणात कानबाई बसते तेव्हा पाळी बदलून, उसने-पासने करून, रोटाचे दळण दळून, सारे घर एकत्र येते की नाही? ज्याला आपण घरचे मानतो त्याला वेळ मिळतो. व्यायामाला आपण अजून घरचे मानलेले नाही.

येथे ‘नियमित’ या शब्दाविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण त्यामागे शरीराचा एक नियम आहे. चालताना मांडीचे, पोटरीचे स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात; आणि व्यायामानंतरही त्यांची ही ग्रहणशक्ती दिवस-दोन दिवस वाढलेली राहते. मग ती ओसरते. म्हणून मधुमेह्याने सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, असा सल्ला दिला जातो. व्यायामाची पुंजी बँकेत ठेवता येत नाही. ती रोजच्या दुधासारखी आहे. परंतु ज्याला खरोखरच आठवड्यात एक-दोनच दिवस मिळतात, त्याने निराश होऊ नये. इंग्लंड-स्कॉटलंडमधील ६३ हजारांवर प्रौढांच्या माहितीचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्याचा सारा व्यायाम एक-दोन दिवसांत उरकणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. रोज उत्तम, ते न जमल्यास सुटीचा दिवसही वाया जाऊ देऊ नये.

नियमितपणा म्हणजे काय याचा धडा पाहायला सुरतेच्या माणसाला दूर जावे लागत नाही. १९९४ च्या सप्टेंबरात या शहरात प्लेगची साथ आली, तेव्हा लाखो माणसे शहर सोडून गेली; आपल्यापैकी कित्येकांची कुटुंबेही रेल्वेने गावी परतली होती. कचरा आणि तुंबलेले पाणी यांसाठी सुरत बदनाम झाली. १९९५ साली एस. आर. राव पालिकेचे आयुक्त म्हणून आले. त्यांनी कोणतीही जादू केली नाही. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी खुर्चीवरून उठवून रस्त्यावर आणले. रोज पाहणी, रोज कचरा उचलणे, रोज हिशेब. दोन वर्षांच्या आत हेच शहर देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. एका दिवसाच्या मोहिमेने शहर स्वच्छ होत नाही आणि एका महिन्याच्या उत्साहाने शरीर सुधारत नाही. दोन्हींना रोजची फेरी लागते. सर आम्हाला हे उदाहरण नेहमी देत आणि म्हणत, “शरीर हीही एक नगरपालिकाच आहे.”

आपल्या मराठी माणसांना ही परंपरा नवी नाही, आणि गुजरातच्या भूमीवर तर तिचा एक अभिमानास्पद अध्याय घडला आहे. समर्थांनी मारुतीची मंदिरे उभारली आणि त्यांच्याभोवती बलोपासना रुजली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट देवधरांनी मल्लखांबाला नवे चैतन्य दिले. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापले आणि त्या मंडळाचा संघ १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी भारतीय व्यायामप्रकार दाखवून आला. येथून जवळच, बडोद्याला, राजरत्न माणिकरावांनी आपल्या उस्तादांच्या नावाने जुम्मादादा व्यायाम मंदिर चालवले. शिष्य हिंदू, गुरू मुसलमान, आणि आखाड्यावर नाव गुरूचे. आपल्या लिंबायतमध्ये निरनिराळ्या धर्मांची आणि प्रांतांची माणसे भिंतीला भिंत लावून राहतात. त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच माणिकरावांच्या हाताखाली डभोईत जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे तयार झाले. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची प्रयोगशाळेत परीक्षा केली. बडोद्यातूनच आबासाहेब मुजुमदारांनी मराठीत दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश सिद्ध केला. गुजरातेत राहून मराठीत केवढे काम होऊ शकते, याची ही साक्ष आहे.

आणि वेळेच्या दृष्टीने पाहता सर्वांत मोलाचे काम औंधच्या पंतप्रतिनिधींचे, भवानराव श्रीनिवासरावांचे. ते संस्थानिक, त्यांना आखाडे बांधणे अवघड नव्हते. पण त्यांनी प्रचार केला तो सूर्यनमस्काराचा, आणि आपल्या संस्थानातील शाळांतून तो चालू केला. साधन नको, पैसा नको, जोडीदार नको. सतरंजीएवढी जागा पुरे. बारा नमस्कारांना पाच-सहा मिनिटे लागतात आणि तेवढ्यात खांदे, पाठ, पोट, मांड्या यांचा व्यायाम होऊन दम लागतो. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबासाठी याहून सोयीचा व्यायाम मला माहीत नाही. ज्यांना याच्या धार्मिक अंगाविषयी संकोच वाटेल त्यांनी मंत्र बाजूला ठेवावेत. स्नायूंना त्याने फरक पडत नाही. ते नकोच असेल तर बैठका आहेत, भिंतीला हात लावून काढायचे जोर आहेत. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ द्यावे म्हणून जे सांगितले जाते, ते यातून साधते.

आता प्रत्यक्ष आठवडा कसा बांधावा, ते सांगतो. मी रोग्यांना देतो त्याच या तीन चिठ्ठ्या आहेत.

पहिली चिठ्ठी लूमच्या कारागिरासाठी. त्याला माझा पहिला सल्ला व्यायामाचा नसून झोपेचा आहे. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने झोप मोडून पळायला जाऊ नये. कारखान्यात जाताना दहा मिनिटे आणि येताना दहा मिनिटे झपाट्याने चालावे. कारखाना लांब असेल तर तेवढे अंतर आधी रिक्षातून उतरावे. सहा दिवसांची १२० मिनिटे झाली. सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन अर्धा तास फिरावे. दीडशे पूर्ण! लूमपाशी उभे असताना अधूनमधून टाचा उचलून पोटऱ्या हलवाव्यात, आणि घरी आल्यावर दहा मिनिटे पाय उशीवर ठेवून पडावे. यात कारखान्याचा एक मीटरही बुडत नाही.

दुसरी चिठ्ठी गादीवर, खुर्चीवर, घंटीवर बसणाऱ्यांसाठी. कापड बाजाराच्या इमारतींत लिफ्टपुढे रांग असते. जिना मात्र रिकामा असतो. तो वापरावा. जेवणानंतर दहा मिनिटे आणि घरी परतताना पंधरा, अशी सहा दिवस पंचवीस मिनिटे चालले तरी दीडशे होतात. तासाभराने एकदा उठून उभे राहावे. फोनवर बोलायचे ते चालत बोलावे.

तिसरी चिठ्ठी भगिनींसाठी, आणि ती लिहिताना मला सर्वांत अवघड जाते. पाणी, डबे, मुले, सासू-सासरे, मग साड्यांचे गठ्ठे. त्यांचा दिवस कोणत्याच पाळीत बसत नाही. शिवाय रस्त्यावर एकटीने झपझप चालायचे म्हणजे लोक काय म्हणतील, हीही भीती. त्यांना मी सांगतो की सकाळी दहा मिनिटे घरातच सूर्यनमस्कार किंवा बैठका कराव्यात, आणि संध्याकाळी पंधरा मिनिटे दोघी-तिघींनी मिळून गच्चीवर किंवा जवळच्या बागेत चालावे. एकटीचा संकोच तिघींत उरत नाही. पण खरे सांगायचे तर ही चिठ्ठी मी बाईच्या हाती न देता तिच्या नवऱ्याच्या हाती देतो. तिची ती पंचवीस मिनिटे घरातल्या कोणीतरी कणीक मळल्याशिवाय, मूल सांभाळल्याशिवाय निघत नाहीत. वेळ काढणे हा पुष्कळदा इच्छाशक्तीचा प्रश्न नसतो. घरातील कामाच्या वाटणीचा प्रश्न असतो.

एक सावधगिरीही सांगतो. ज्यांना चालताना छातीत दाब येतो, घेरी येते, किंवा ज्यांना हृदयविकार, मोठा रक्तदाब, पायाला जखम असलेला मधुमेह आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. सुरतेच्या उन्हाळ्यात आणि दमट हवेत भर दुपारी व्यायाम करू नये. पहिल्या आठवड्यात दीडशे मिनिटांचा हट्ट नको. पन्नासपासून सुरू करून हळूहळू वाढवावे. साठीच्या पुढच्यांनी तोल सांभाळण्याचा सराव, जसे भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे, अवश्य करावा.

माझे काय झाले, असे तुम्ही विचाराल. चहाच्या आधीची दहा मिनिटे मी सोडली नाहीत. साखर खाली आली. गोळी सुटली नाही, पण एकीवरच राहिली. चमत्कार झाला नाही. जिना चढताना थांबावे लागत नाही एवढेच. मला ते पुष्कळ आहे.

सर गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी मला एक वही दाखवली. शाळेच्या हजेरीपटासारखी रेघा मारलेली. त्यात एकाच विद्यार्थ्याचे नाव होते: त्यांचे स्वतःचे. रोजच्या चौकटीत व्यायाम झाला तर ‘ह’, नाही तर ‘गै’. मी ती वही उत्सुकतेने चाळली. मला वाटले होते, सगळीकडे ‘ह’च असेल. तसे नव्हते. गैरहजेरी पुष्कळ होती. पण बहुतेक ठिकाणी एक-दोन ‘गै’ झाले की पुन्हा ‘ह’ आलेला होता. आणि जिथे सलग गैरहजेरी होती तिथे समासात कारण लिहिलेले होते. पत्नीचे आजारपण. मुलीचे लग्न. २००६ च्या ऑगस्टातला पूर. पुराच्या बारा चौकटी रिकाम्या होत्या. तेराव्या दिवशी, घरातला चिखलही पुरता निघाला नसेल तेव्हा, पुन्हा ‘ह’. आम्ही ज्यांना कधीही न चुकणारा माणूस समजत होतो, ते प्रत्यक्षात चुकून पुन्हा परतणारे होते. मला वाटते, नियमितपणाची याहून खरी व्याख्या नाही.

जाता जाता शाळेच्या चालकांना एक विनंती. आपल्या वस्तीत घरे दाटीची आहेत आणि मोकळी जागा थोडी आहे. शाळेचे पटांगण सकाळी सहा ते सात आणि संध्याकाळी शाळा सुटल्यानंतर एक तास माजी विद्यार्थ्यांना व वस्तीतील भगिनींना मोकळे करावे. त्यातला एखादा वेळ केवळ स्त्रियांसाठी राखावा. खर्च एका दिव्याचा आणि एका शिपायाच्या मानधनाचा. तो माजी विद्यार्थी उचलू शकतील, माझा वाटा मी आजच देतो. फाटकाजवळ एक हजेरीवही ठेवावी. सरांचे तैलचित्र सभागृहात आहेच. पण त्यांचे स्मारक त्या वहीत अधिक शोभेल.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला मला एकच सांगायचे आहे. तुमच्या घरी कोणी बारा तास उभे राहून येत असेल तर त्यांना ‘व्यायाम करा’ असा उपदेश करू नका. सुटीच्या दिवशी त्यांचा हात धरा आणि म्हणा, “चला, जरा फिरून येऊ.” मी माझ्या आबांना हे म्हटले नाही. तुम्ही म्हणा.